लोखंडाशी उभा दावा

लोखंडाचा इतका मनापासून तिटकारा करणारा दुसरा माणूस भूतलावर झाला नसेल, आणि असा माणूस नेमका माझ्याच घराच्या वरच्या खोलीत सहा वर्षं भाडेकरू म्हणून राहिला. 'माझ्याच' अशासाठी म्हणतो की आमच्या तीन पिढ्यांची भाकरी लोखंडावर शेकलेली. आजोबा महूच्या पलटणीत बंदूक खांद्यावर घेऊन उभे राहिले, वडील इंदूरच्या कापडमिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते आणि मी त्याच मिलच्या दुरुस्तीखात्यात फिटर. संध्याकाळी माझ्या अंगाला ग्रीसचा वास आला नाही तर आई विचारायची, आज कामावर गेला नव्हतास का? अशा घरात हा माणूस राहायला आला. आम्ही त्यांना 'वरचे सर' म्हणायचो. कोणी नवखा ऐकायला असला की त्याला वाटायचं आम्ही एखाद्या बुवाबद्दल बोलतोय, आणि सरांचे नेमनियम कानावर पडले की त्याची खात्रीच पटायची.

मिलच्या दाराला कुलूप लागून तेव्हा वर्ष होत आलं होतं. शहरात एकेक भोंगा बंद पडत होता आणि छपरांवर केबलच्या तबकड्या उगवत होत्या. वरची खोली भाड्याने द्यायची असं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी सर दारात उभे. साताऱ्याकडचे, उंच, काडीसारखे, इथल्या एका विज्ञानसंस्थेत नव्याने रुजू झालेले. गळ्यात काळा दोरा आणि त्यात काहीतरी जड. माझ्या बायकोला, सुनंदाला, वाटलं ताईत आहे. तो लाउडस्पीकरमधून काढलेला चुंबक होता. सरांनी खोली पाहिली नाही, तपासली. दार, कडी, फळी, नळ, सगळ्यांना चुंबक लावला. खाटेला लावला तेव्हा तो टक्कन चिकटला आणि सरांचा चेहरा पडला.

"ही खाट नको, भाऊ."

"सर, एकदम मजबूत आहे. मिलच्या दवाखान्यातली आहे."

"मजबूत आहे म्हणूनच नको," सर म्हणाले, आणि सहा वर्षं जमिनीवर चटई टाकून झोपले. खिडकीचे गज काही काढता येण्याजोगे नव्हते, म्हणून झोपताना त्यांच्याकडे पाय करायचे. कमरेला पट्टा नाही, कारण पट्ट्याला बक्कल असतं. लेंग्यासारखी नाडीची पँट त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतली होती. चष्म्याचा स्क्रू काढून तिथे दोरा बांधलेला. सायकल होती, पण ती संस्थेपासून दोनशे पावलं अलीकडे एका पानवाल्याकडे ठेवून ते पुढे चालत जात. भांड्यांच्या दुकानात स्टीलचं ताट घ्यायला गेले तर चुंबक न चिकटणारं ताट मिळेपर्यंत त्यांनी पूर्ण चळत उपसली, आणि दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "भाईसाब, थाली लेना है के थाली की कुंडली मिलाना है?"

हे सगळं कशापायी, तर काजळीपायी. पहिल्याच महिन्यात सुनंदाने त्यांना सरळ विचारलं, की सर, तुम्ही तिथे करता तरी काय? सरांनी चहाचा कप खाली ठेवला. पोळीची सुरळी करावी तशी काजळीतल्या कार्बनच्या पातळ पापुद्र्याची आपोआप सुरळी होते, म्हणाले, आणि ती नळी केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असते. सुरळी कशी वळली त्यावर ती तांब्यासारखी वीज वाहून नेणार की नाही ते ठरतं. आता हे तपासायचं कसं? तिला वायर जोडावी तर वायरच तिच्यापुढे डोंगराएवढी. "म्हणून वहिनी, घर बाहेरून मोजता येत नसेल तर आतल्या भाडेकरूला विचारायचं. इलेक्ट्रॉन हा तो भाडेकरू. तो भोवऱ्यासारखा फिरतो. त्याला मोठ्या चुंबकात ठेवायचा आणि वरून सूक्ष्मलहरी सोडायच्या. चुंबकाचा जोर वाढवत नेला की एका ठराविक जागी भोवरा उलटतो. कुठे उलटला आणि किती सहज उलटला, त्यावरून घरात मोकळं फिरता येतं की भिंतीच भिंती आहेत, ते कळतं."

"पण सर," सुनंदा म्हणाली, "भाडेकरू कधी खरं बोलतो का?"

सर इतके हसले की चष्म्याचा दोरा तुटला. मग गंभीर होऊन म्हणाले, "तो खरंच बोलतो हो. पण लोखंडाचा एक कण जरी शेजारी असला तर तो इतका आरडाओरडा करतो की याचं बोलणं ऐकूच येत नाही." एवढं ऐकल्यावर मला त्या दाव्याचं मूळ कळलं. तुमचं यंत्रच लोखंडाचं आहे, हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं होतं. दोन जात्यांच्या पाळ्या समोरासमोर उभ्या कराव्या तसा तो अगडबंब विद्युतचुंबक, आत सगळा लोखंडाचा गाभा. सर म्हणाले, "काट्यानेच काटा काढायचा असतो, भाऊ."

त्यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक वेताचं सूप ठेवलेलं असे. आत जाणाऱ्याने चाव्या, नेलकटर, पेन, पट्टा, बायकांनी केसांतल्या पिना, सगळं त्या सुपात काढून ठेवायचं. सुनंदा एकदा हौसेने यंत्र बघायला गेली आणि अंबाडा सुटून बाहेर आली. विभागप्रमुखांनाही सूट नव्हती. ते बाहेरगावच्या दोन पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा सरांनी अदबीने सूप पुढे केलं. प्रमुख देहाने भारदस्त, पँट मात्र संपूर्ण पट्ट्याच्या भरवशावर. एका हाताने पँट धरून ते इंग्रजीत यंत्राची महती सांगत होते, आणि यंत्राची लेखणी कागदावर रेघ काढू लागली तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांनी दोन्ही हात वर केले. पाहुणे सभ्य होते, त्यांनी लगेच छताकडे पाहिलं. पुढे सरांच्या बाबतीत प्रमुखांचं मन कधीच साफ झालं नाही, त्याचं कारण विद्वत्तेपेक्षा त्या सुपात जास्त असावं असा माझा अंदाज आहे.

बाजारात तर सरांची दहशत होती. चहापूड घेतली की कागदावर पसरून चुंबक फिरवायचे. एकदा चुंबकाला लोखंडाच्या किसाच्या मिशा फुटल्या आणि दुकानात गर्दी जमली. तेव्हापासून तो किराणावाला सर दिसताच बाहेर येऊन म्हणायचा, "डॉक्टर साब, आप तो यहीं से बोल दो, सामान घर पहुँच जाएगा." पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावनाची तीच गत. चक्कीत मसाला दळताना पात्याचा कीस उतरतो म्हणून सरांनी जीरावन वर्ज्य केलं. इंदुरात राहून पोह्यांवर जीरावन न घेणाऱ्या माणसाकडे लोक आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतात. पोहेवाला रोज चौकशी करायचा, "तबियत तो ठीक है ना भिया?"

आणि गंमत म्हणजे तब्येत खरंच ठीक नव्हती. सर जिना चढताना धापा टाकू लागले. डॉक्टरने रक्त तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली: लोहाच्या गोळ्या, दिवसातून दोन. सर ती चिठ्ठी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा समन्स बजावल्यासारखा चेहरा होता. "ज्याला आयुष्यभर दारात उभं केलं नाही," म्हणाले, "तो आता गोळीत बसून घरात शिरायला बघतोय." गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत. दुपारचं जेवण ते आमच्याकडेच घेत. सुनंदाने मात्र दुसऱ्या दिवसापासून सरांची पालेभाजी गुपचूप लोखंडी कढईत करायला सुरुवात केली आणि ती पितळी पातेल्यात काढून त्यांच्यापुढे ठेवू लागली. "भाजीला हल्ली चव आली आहे, वहिनी," सर म्हणायचे. तीन महिन्यांत ते दोन दोन पायऱ्या एका दमात चढू लागले.

इथपर्यंत मी नुसता बघ्या होतो. मिल सुटल्यावर मी आणि माझ्यासारखाच घरी बसलेला गेंदालाल, अशा दोघांनी पोलोग्राउंडला एक शेड घेऊन वेल्डिंग आणि लेथचं काम सुरू केलं होतं. गेंदालाल मूळचा मालव्याचा, मिलमध्ये लेथवर वीस वर्षं काढलेला. एके दिवशी सर तिथे उत्तरपत्रिकेच्या पाठीवर काढलेलं चित्र घेऊन आले. हवा काढून घेता येईल असं एक बंद भांडं हवं होतं, आत समोरासमोर दोन ग्राफाइटच्या कांड्या. हेलियम भरून वेल्डिंगच्या मशीनने दोघींत ठिणगी पेटती ठेवायची. एक कांडी झिजत जाते, दुसरीच्या टोकावर पुट चढतं, आणि त्या पुटात त्या नळ्या सापडतात. भांड्यात लोखंड चालणार नाही, हे वेगळं सांगायला नकोच. माझ्या डोळ्यांसमोर लगेच आमच्या मिलच्या रंगखात्यातलं तांब्याचं भांडं आलं. भंगाराच्या लिलावात ते एका व्यापाऱ्याकडे गेलं होतं, आणि आमच्याच मिलचं भांडं मी त्याच्याकडून हातापाया पडून परत आणलं. त्याला झाकण केलं, पाण्याची नळी गुंडाळली, काच बसवली. पहिली ठिणगी पेटली तेव्हा गेंदालाल काळ्या काचेतून बघत म्हणाला, "भिया, आखी दुनिया कोयला से बिजली बनावे, ने यो मनख बिजली से कोयला बनई रियो है."

दर शनिवारी सर यायचे, दोन-तीन कांड्या जाळायचे, बांबूच्या काडीने पुट खरवडून काचेच्या कुपीत भरायचे आणि कुपी खिशात नव्हे, हातात धरून चालत जायचे. पण यंत्रावर त्यांना हवी होती ती बारीक, टोकदार रेघ काही उमटेना. कागदावर यायचा तो एक रुंद, ढेरपोट्या उंचवटा. सरांनी यंत्र उघडलं, कुप्या बदलल्या, स्वतःची नखं कापून टाकली. शेवटी त्यांनी चिमूटभर काजळी कागदावर घेऊन जवळ चुंबक नेला आणि काजळी किंचित त्याच्याकडे झुकली. सरांनी हिशेब मांडला. भांडं तांब्याचं, कांड्या शुद्ध ग्राफाइटच्या, काडी बांबूची. लोखंड यायला वाटच नाही. म्हणजे कार्बनच स्वतः चुंबक झाला! असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. सर शेडमध्ये येऊन अक्षरशः नाचले, आणि गेंदालालला कवेत घेतलं तेव्हा त्याच्या खिशात पाना होता याचंही त्यांना भान राहिलं नाही.

त्यांची नोकरी तात्पुरती होती, दर वर्षी नव्याने पत्र यायचं आणि ते प्रमुखांच्या सहीने यायचं. सरकारचा हात आखडता झाला होता, नव्या जागा भरणं बंद होतं. पण असा शोध लावणाऱ्या माणसाला कायम केल्याशिवाय प्रमुखांनाही गत्यंतर नव्हतं. निबंध टाइप झाला. दोन महिन्यांनी इंदुरातच मोठी परिषद भरणार होती, तिच्या पुस्तिकेत तो छापून आला. सुनंदाने पेढे वाटले. सर म्हणाले, आता इथेच घर बघतो, आणि आम्ही दोघांनी एकदम म्हटलं, घर कशाला बघता, हे आहे ना.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी शेडमध्ये नवा ब्रश घ्यायला कपाट उघडलं. हे आता सांगितलंच पाहिजे. मिलमध्ये आमची एक रीत होती. पाळी बदलताना मशीन पुढच्या माणसाच्या हाती द्यायचं ते लख्ख करूनच. घाण मशीन देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. मशीन साफ केलं हे कोणी कोणाला सांगत नसे, सांगायची गोष्टच नव्हती ती. त्याच रीतीने मी सहा महिने दर शुक्रवारी सरांसाठी ते भांडं, झाकण आणि कांड्या धरणारे चिमटे लोखंडी तारेच्या ब्रशने घासून ठेवत होतो. ब्रश काही भांड्यात राहत नाही, तेव्हा त्याचा विचारच कधी मनात आला नव्हता. त्या दिवशी जुना ब्रश हातात घेतला तर तारा अर्ध्या उरलेल्या. मी फिटर माणूस. धातू हवेत विरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. बाकीच्या तारा गेल्या कुठे? शेडमधला एक चुंबक कागदात गुंडाळून मी भांड्याच्या तळातून फिरवला. कागदावर दोन दिवसांच्या दाढीसारखे बारीक खुंट उभे राहिले.

ज्या माणसाने चहापुडीवर संशय घेतला, मसाल्यावर घेतला, स्वतःच्या नखांवर घेतला, त्याने माझ्या कामावर एकदाही घेतला नव्हता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

गेंदालालचं मत सरळ होतं. "चुप रो भिया. कागद तो छपी गयो. साबजी पक्का हुई जायगा, अपना काँई जावे?" मी तीन दिवस चुप राहिलो. ताटातली भाकरी तशीच टाकून उठायचो. सुनंदाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका. टेन्शन नका घेऊ, मी पण येते सोबत. माझं पण आहे ना कढईचं."

सर जिन्यावर बसून वाचत होते. सुनंदानेच सुरुवात केली. "सर, नाराज नका होऊ. दोन वर्षांपासून तुमची भाजी लोखंडी कढईत होतेय." सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्रश पुढे केला. त्यांच्या गळ्यातला चुंबक आपणहून पुढे झेपावून ब्रशला चिकटला. सर तसेच बसून राहिले, गळ्यात ब्रश लोंबत असलेले. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसून हसून लोळलो असतो.

"कधी घासायचात?"

"दर शुक्रवारी."

"मला बोलला का नाहीत, भाऊ?"

"काम केलं ते सांगायचं नसतं, सर. आमच्याकडे तशी रीत नाही."

सर उठले, ब्रश सोडवला आणि वर निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या काथ्या घेऊन ठेवा. आणि लिंबू." दुसऱ्या दिवशी सर, गेंदालाल आणि मी अशा तिघांनी मिळून ते भांडं लिंबाने आणि काथ्याने दिवसभर घासलं. चिमटेही तांब्याचेच, पण नवे केले. पुढचे दोन शनिवार कांड्या जाळल्या. आणि एका भर दुपारी सर पोलोग्राउंडच्या रस्त्याने धावत आले, एका पायात चप्पल, हातात लांबलचक कागद. मोठ्या रिकाम्या कागदाच्या मधोमध एक इवलीशी रेघ उठलेली, सुईसारखी. "बोलला, भाऊ, भाडेकरू बोलला! आत मोकळं आहे. तो फिरतोय!" मला त्यातलं काय कळणार? पण मागे ते नाचले होते त्यापेक्षा हा आनंद वेगळा होता, एवढं दिसलं. त्यांचे डोळे भरले होते.

नुसती ती रेघ इतरांनीही पाहिलेली होती, तिच्यासाठी कोणी कोणाला कायम करत नाही. प्रमुखांनी सुचवलं म्हणे, की पुस्तिकेत छापलंय ते तसंच वाचा, पुढचं पुढे बघू. परिषदेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. सर उभे राहिले आणि म्हणाले की पुस्तिकेतला माझा निष्कर्ष चुकीचा आहे, त्या नमुन्यात लोखंड होतं. सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी विचारलं, लोखंड आलं कसं? मी मान खाली घातली. सर म्हणाले, "माझ्या चुकीने. मी प्रत्येक वस्तू तपासली. पण ज्यांच्या हातांनी माझा प्रयोग उभा राहिला त्यांना 'तुम्ही काय काय करता' असं मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं." आमची मिल बंद पडली तेव्हा किती सभा झाल्या, किती साहेब येऊन बोलून गेले. चूक कोणाची, हे कोणीही सांगितलं नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात भर सभेत चूक आपल्या अंगावर घेणारा माणूस मी तो पहिला पाहिला, आणि चूक तर माझी होती.

त्या वर्षी सरांना पुढचं पत्र आलं नाही. त्यांनी चटई गुंडाळली, पितळी भांडी पोत्यात भरली. बस स्टँडवर सुनंदाने पालेभाजी आणि पोळ्यांचा डबा दिला, तेव्हा त्यांनी सवयीने चुंबक काढला, डब्याजवळ नेला, आणि न लावताच खिशात टाकला. "कढईतली आहे ना?" म्हणाले. सुनंदाला हसू आणि रडू एकदमच आलं.

हल्ली ते साताऱ्याजवळच्या एका गावात शाळेत शिकवतात. सणासुदीला फोन येतो. मागच्या खेपेला न राहवून मी बोललो, "सर, मी तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं ना, तर तुम्ही आज इथेच असता."

पलीकडे ते हसले. "असतो की. मला काही कळलंच नसतं, मी मजेत राहिलो असतो. पण मी जिना उतरताना तुम्हाला माझ्याकडे बघवलं नसतं, भाऊ."

ते खरं आहे. पण आता जिन्यावरून कोणी उतरत नाही, आणि तेही खरंच आहे.